हिमरुद्ध घर आणि परमार्थ

बौद्ध परंपरेत मुक्तीची वाट बहुधा घराच्या उंबरठ्याबाहेर सुरू होते. सिद्धार्थ गौतमाने पत्नी, पुत्र आणि राजवाडा सोडून वनाची वाट धरली, भिक्षुसंघ याच त्यागाच्या पायावर उभा राहिला, आणि घरात राहून धर्म पाळणाऱ्या उपासक-उपासिकांना दान, शील व श्रद्धा यांच्या बळावर पुण्यसंचय करता येत असला तरी प्रव्रज्या, म्हणजे गृहत्याग करून भिक्षुजीवन स्वीकारणे, हाच निर्वाणाचा अधिक सरळ मार्ग समजला गेला. या समजुतीत एक गृहीत दडलेले आहे: घर सोडता येते, आणि सोडून जाणारा मागे राहिलेल्यांना बुडवून जात नाही. जेथे हे गृहीतच टिकत नाही, जेथे वर्षातील चार-पाच महिने घराबाहेर पाऊल टाकणे जिवावर बेतू शकते आणि एक कर्ता माणूस कमी झाला तर उरलेल्यांच्या डोक्यावरचे छप्पर खरोखरच कोसळू शकते, तेथे मुक्तीचा विचार कोणते वळण घेतो? जपानच्या मुख्य बेटाच्या वायव्येकडील डोंगराळ पट्ट्यात, ज्याला जपानी लोक ‘युकिगुनी’ म्हणजे हिमप्रदेश म्हणतात, या प्रश्नाला गेल्या आठशे वर्षांत मिळालेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

या प्रदेशाचा हिवाळा केवळ थंडीने घडलेला नाही. निइगाता प्रांत, ज्याचे जुने नाव एचिगो, सुमारे सदतीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे श्रीनगरच्या तीनेक अंश उत्तरेला आहे, आणि तेथील किनाऱ्यावरचे तापमान हिवाळ्यातही बहुधा शून्याच्या आसपासच राहते. सैबेरियाकडून येणारे कोरडे, अतिशीत वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना त्सुशिमा या उष्ण प्रवाहाची वाफ उचलतात, आणि पुढे डोंगरांची भिंत आडवी आली की ती सारी ओल बर्फाच्या रूपाने तिच्या अलीकडेच उतरते. पलीकडे तोक्योच्या बाजूला त्याच वेळी निरभ्र आकाश असते. म्हणून येथला बर्फ ओला, जड आणि अफाट असतो. १९४५ सालच्या फेब्रुवारीत ताकादा या गावी ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे, आणि त्याच महिन्यात नागानो प्रांताच्या सीमेवरील मोरी-मियानोहारा या छोट्या रेल्वेस्थानकात तो ७.८५ मीटरपर्यंत चढला होता. साचून दबलेल्या एका घनमीटर बर्फाचे वजन तीनशे किलोच्या आसपास भरते हे ध्यानात घेतले, तर घराच्या छपरावर मीटरभर थर बसणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

अशा ओझ्याखाली कुटुंब जगत असे ते कामांच्या साखळीने. छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी उतरवावा लागे, तो खाली साचून खिडक्या बुजल्या की घरातून वर चढायला पायऱ्या खोदाव्या लागत, आणि पहाटे कोणाला तरी पेंढ्याचे उंच जोडे व ‘कान्जिकी’, म्हणजे पायाला बांधायची वेताची गोल चौकट, घालून शेजारच्या घरापर्यंतची वाट तुडवून ठेवावी लागे. ती तुडवली नाही, तर शाळा, वैद्य आणि स्मशान यांपैकी कोठेही जाता येत नसे. शरद ऋतूतच पालेभाज्या खारवून पिंपात दाबलेल्या असत, मुळे पुरून ठेवलेले असत, सरपण भिंतीशी रचलेले असे. घराच्या मध्यभागी ‘इरोरी’, म्हणजे जमिनीत बसवलेली चौकोनी उघडी चूल, जळत राही. तिच्याभोवती कोणी कोठे बसावे हेही ठरलेले असे, आणि तिच्या धुराने वरच्या गवती शाकाराला कीड लागत नसे. हिदा प्रांतातील शिराकावा-गो आणि शेजारच्या एच्चू प्रांतातील गोकायामा या डोंगरी वस्त्यांत, ज्यांना १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, घरांची छपरे सुमारे साठ अंशांच्या उतरणीची असतात आणि त्यांची शाकारणी तीस-चाळीस वर्षांनी एकदा साऱ्या वस्तीच्या हातांनी होते. या श्रमदानाच्या व्यवस्थेला ‘युई’ म्हणतात: आज एका घरासाठी उभे राहिलेले शंभर हात उद्या दुसऱ्या घराचे देणे ठरतात, आणि हे देणे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले जाते.

या प्रदेशात तेराव्या शतकात, एका पिढीच्या अंतराने, दोन मोठे धर्मचिंतक येऊन राहिले, आणि एकाच बर्फातून त्यांनी उलट दिशांचे अर्थ काढले. त्यांपैकी नंतर आलेले दोगेन (१२००–१२५३) हे सोतो झेन परंपरेचे जपानमधील संस्थापक. १२४३ साली ते राजधानी क्योतो सोडून एचिझेन प्रांताच्या डोंगरात गेले, आणि पुढच्या वर्षी तेथे त्यांनी जो मठ उभारला तोच नंतर एइहेइजी या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांच्या आरंभीच्या लेखनात ध्यानसाधना गृहस्थ स्त्री-पुरुषांनाही खुली आहे असा उदार सूर आढळतो. पण डोंगरातील वर्षांत तो मावळत जातो आणि गृहत्यागाची थोरवी ठासून सांगितली जाते. दोगेन यांना प्रिय असलेल्या कथांपैकी एक हुइके याची आहे: भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने आपल्याला शिष्य करून घ्यावे म्हणून हा साधक रात्रभर बर्फात उभा राहिला आणि शेवटी त्याने आपला हात तोडून गुरूपुढे ठेवला. येथे बर्फ ही कसोटी आहे. तो जितका खोल, तितका साधकाचा निश्चय खरा. शीत सोसणे हेच साधनेचे अंग, आणि मठ म्हणजे ज्यांनी हे सोसणे स्वेच्छेने पत्करले त्यांचा समुदाय. या दृष्टीत एक उदात्तता आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या शेतकरी स्त्रीने बर्फ स्वेच्छेने पत्करलेला नाही, जिच्यापुढे तो दरवर्षी न बोलावता येऊन उभा राहतो, तिच्यासाठी या दृष्टीत जागा कोठे आहे, हा प्रश्न त्या मठाच्या दाराशीच थांबतो.

शिनरान (११७३–१२६३) यांचे येणे यापेक्षा अगदी वेगळे होते, कारण ते आले नव्हते, पाठवले गेले होते. नवव्या वर्षी भिक्षू झालेल्या या साधकाने हिएइ पर्वतावरील मठात वीस वर्षे घालवली, आणि स्वतःच्या प्रयत्नाने चित्त शुद्ध होत नाही या निष्कर्षाला येऊन १२०१ साली ते होनेन या गुरूंकडे गेले, जे केवळ अमिताभ बुद्धाच्या नामोच्चाराने सुखावती या शुद्ध भूमीत जन्म मिळतो असे शिकवीत. १२०७ मध्ये राजसत्तेने या पंथावर बंदी घातली, शिनरान यांची भिक्षुदीक्षा काढून घेऊन त्यांना गृहस्थाचे नाव देण्यात आले आणि एचिगोला हद्दपार केले गेले. त्यानंतर ते स्वतःला ना भिक्षू ना सामान्य गृहस्थ असे म्हणू लागले, त्यांनी उघडपणे संसार केला, आणि एशिन्नी या पत्नीपासून त्यांना मुले झाली. बौद्ध भिक्षूंनी चोरून संसार करणे त्या काळी अपरिचित नव्हते. परंतु संसाराला धर्माच्या आड येणारी गोष्ट न मानता तो उजळ माथ्याने आणि धर्माच्या आधारावर जगणे, हे शिनरान यांचे पाऊल पुढील साऱ्या जपानी बौद्ध धर्माला वळण देणारे ठरले.

त्यांच्या विचाराचा गाभा ‘तारिकी’ या संकल्पनेत आहे. तारिकी म्हणजे परबल, स्वतःपलीकडून येणारे बळ, अमिताभाच्या मूळ प्रतिज्ञेचे सामर्थ्य. त्याच्या उलट ‘जिरिकी’ म्हणजे स्वबल, आपल्या साधनेने, तपाने, सत्कर्माने मुक्ती साधण्याचा भरवसा. शिनरान यांच्या मते स्वबलाचा भरवसा हाच सूक्ष्म अहंकार आहे, कारण त्यात माणूस आपल्या चांगुलपणाचा हिशेब ठेवू लागतो. त्यांनी आपल्या परंपरेचे जे सात आचार्य मानले त्यांत पहिले दोन नागार्जुन आणि वसुबंधू हे भारतीय आहेत, आणि शून्यतेच्या विचारातून आलेले अहंकाराचे निरसन त्यांनी भक्तीच्या भाषेत पुढे नेले असे म्हणता येते. ‘तान्निशो’ या ग्रंथात, जो युइएन या त्यांच्या शिष्याने संकलित केल्याचे मानले जाते, एक संवाद आहे: गुरू शिष्याला विचारतात की सांगितलेले सारे करशील का, तो हो म्हणताच हजार माणसे मारायला सांगतात, शिष्य म्हणतो, आपल्याकडून एकही मारवणार नाही, तेव्हा गुरू दाखवून देतात की हे न मारणेसुद्धा त्याच्या चांगुलपणाची कमाई नाही, पूर्वकर्माने त्याला तशा प्रसंगात ढकललेले नाही इतकेच.

हिमप्रदेशातील कुटुंबजीवनाशी या विचाराचा खरा संबंध येथे आहे. परबलावरचा विश्वास कष्टांचे पुण्यमूल्य काढून घेतो. छपरावर चढून बर्फ उतरवणाऱ्या बापाने, खारवलेल्या भाजीतला जास्तीचा घास नातवाला देणाऱ्या आजीने, किंवा पहाटे शेजाऱ्याची वाट तुडवणाऱ्या मुलाने जे केले ते तप नव्हे, मागच्या पापाची शिक्षा नव्हे आणि पुढच्या जन्माची गुंतवणूकही नव्हे. ते करायचे होते म्हणून केले, आणि ते ज्यांच्यासाठी केले त्यांनी दुसऱ्या दिवशी तेच केले. सोसण्याला मोक्षाची किंमत चिकटवली की ज्याच्या वाट्याला अधिक सोसणे येते तो एकतर श्रेष्ठ ठरतो किंवा पापी ठरतो, आणि दोन्ही परिस्थितींत त्याला मदत करण्याची गरज कमी वाटू लागते. शिनरान यांच्या शिकवणीने हा मार्ग बंद केला, आणि या लेखाच्या मते तिचे सर्वांत मोठे देणे तेच आहे.

एशिन्नी यांची पत्रे या संदर्भात मोलाची आहेत. क्योतोच्या निशी होंगान-जी मठात १९२१ साली सापडलेली ही पत्रे त्यांनी उतारवयात एचिगोहून आपली धाकटी मुलगी काकुशिन्नी हिला लिहिली होती. त्यांत शिनरान यांना पडलेल्या स्वप्नाची आणि त्यांच्याविषयी स्वतः एशिन्नींना पडलेल्या स्वप्नाची हकिकत आहे, तशीच दुष्काळाची, चाकरमाणसांच्या हालअपेष्टांची, पोरक्या नातवंडांच्या पोटापाण्याची आणि स्वतःच्या स्मृतीसाठी उभारायच्या दगडी स्तूपाची चिंताही आहे. विशेष असे की या दोन प्रकारच्या मजकुरांमध्ये कोठेही पडदा नाही. नवरा साक्षात करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचा अवतार आहे असे मानणारी ही स्त्री त्याच पत्रव्यवहारात धान्याची टंचाई सांगते, आणि एकामुळे दुसरे क्षुद्र होते असे तिला वाटत नाही.

ही शिकवण डोंगरातील घराघरांत पोहोचवण्याचे काम दोनशे वर्षांनंतर रेन्न्यो (१४१५–१४९९) यांनी केले. १४७१ साली त्यांनी एचिझेनच्या किनाऱ्यावर योशिझाकी येथे केंद्र उभारले, सोप्या लिपीत पत्रे लिहून ती गावोगाव मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा पाडली, आणि १४७३ मध्ये शिनरान यांचे ‘शोशिन्गे’ हे पद्यस्तोत्र त्यांच्या जपानी भक्तिगीतांसह छापून घेतले, जेणेकरून सकाळ-संध्याकाळ कुटुंबाने देवघरासमोर बसून ते एकत्र म्हणावे. भिक्षूची वाट न पाहता घरच उपासनास्थान झाले, हा बदल बर्फाच्या प्रदेशात किती व्यावहारिक होता हे सांगण्याची गरज नाही. शिराकावा-गो आणि गोकायामा येथील मोठ्या घरांत सर्वांत चांगली खोली वेदीची असते, आणि कधीकधी घरातील एकूण सजावटीच्या मानाने ती वेदी आश्चर्य वाटावे इतकी सोनेरी व भव्य असते.

या उपासनेचे वर्षातील शिखर म्हणजे ‘होओन्को’, शिनरान यांच्या पुण्यतिथीनिमित्त होणारा ऋणस्मरणाचा सोहळा. त्यांचे निधन जुन्या पंचांगानुसार अकराव्या महिन्यात झाल्यामुळे तो हिवाळ्याच्या तोंडाशी येतो, आणि डोंगरी वस्त्यांत तो मठापुरता न राहता घरोघर पाळीने केला जातो: शेजारी एका घरी जमतात, स्तोत्र म्हणतात, रेन्न्यो यांचे पत्र ऐकतात, आणि मग निरामिष जेवणाची पंगत बसते, जिच्यात लाखेच्या तांबड्या वाडग्यांत भात, घट्ट तोफू, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या रानभाज्या आणि लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचा पदार्थ वाढला जातो. बर्फ वाटा बंद करण्याआधी साऱ्या वस्तीने एकमेकांच्या घरचे खाऊन घ्यावे, ही योजना कोणी आखलेली नसली तरी तिचा परिणाम स्पष्ट आहे. येणाऱ्या चार महिन्यांत कोणाला कोणाचा आधार लागेल हे ठाऊक नसताना प्रत्येक जण आधीच प्रत्येकाच्या ऋणात असतो, आणि ते ऋण फेडून संपवायचे नसते, ते मान्य करायचे असते.

गोकायामातील आकाओ खोऱ्याचा दोशू (मृत्यू १५१६) हा रेन्न्यो यांचा शिष्य या धर्मजीवनाचा सर्वांत ठळक नमुना मानला जातो. शिनरान यांना मानणाऱ्या शिन पंथात अशा साध्या, बहुधा अल्पशिक्षित पण श्रद्धेने उजळलेल्या गृहस्थांना ‘म्योकोनिन’ म्हणतात. दोशूविषयी परंपरा सांगते की तो अमिताभाच्या अठ्ठेचाळीस प्रतिज्ञांचे स्मरण म्हणून अठ्ठेचाळीस ओंडके मांडून त्यांवर झोपत असे, आणि नववर्षाच्या पहाटेची उपासना चुकू नये म्हणून खिंडीतल्या खोल बर्फातून इनामीच्या झुइसेन-जी मठापर्यंत जात असे. येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळता कामा नये: ओंडक्यांवर झोपणे हे तप नव्हे काय, आणि तप असेल तर ते स्वबलाचाच भरवसा ठरत नाही काय? पंथाचे उत्तर असे की दोशूला त्यातून काही मिळवायचे नव्हते. सुखाची झोप लागली की तो कृतज्ञता विसरे, म्हणून त्याने झोप मोडण्याची सोय केली. १५०१ साली त्याने स्वतःच्या मनाला उद्देशून लिहिलेले एकवीस संकल्प पाहिले तर हे उत्तर बरेचसे पटते, कारण त्यांत सिद्धीचा सूर नाही, आपण विसराळू आहोत याची खंत आहे. तरीही कृतज्ञतेचे कष्ट आणि पुण्याचे कष्ट यांच्यातील रेषा बाहेरून दिसत नाही, आणि ती आतूनही नेहमी दिसत असेल असे नाही.

शिवाय हिमप्रदेशात शिन पंथ एकटा नव्हता. एचिगोच्या शिओझावा गावचा व्यापारी सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) याने अनेक दशकांच्या खटपटीनंतर १८३७ साली ‘होकुएत्सु सेप्पु’ हा बर्फाच्या प्रदेशाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात त्या जगाची दुसरी बाजू दिसते. हिवाळ्यात या भागातील स्त्रिया रॅमी या झुडपाच्या तंतूंपासून ‘चिजिमी’ नावाचे उन्हाळी तलम कापड विणीत. बर्फाची ओल हवेत असल्यामुळे तंतू तुटत नसे, आणि विणलेले कापड वसंताच्या तोंडाशी बर्फावर पसरून उन्हात शुभ्र केले जाई. आजही एचिगो-जोफू आणि ओजिया-चिजिमी या नावांनी ती कला टिकून आहे आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीत तिचा समावेश झाला. बोकुशी सांगतो की उच्च प्रतीचे कापड विणताना मागाची खोली देवस्थानासारखी पवित्र राखली जाई आणि विणकरीण स्नान करून, अन्न वेगळे शिजवून कामाला बसे. म्हणजे येथे श्रमाला पावित्र्य आहे, आणि पावित्र्याबरोबर भयही आहे. त्याच ग्रंथात एका मुलीची हकिकत आहे, जिने मोठ्या मेहनतीने विणलेल्या कापडावर काजळीचा डाग पडलेला पाहिला आणि तिचे भान हरपले. जिचे साऱ्या हिवाळ्याचे मोल एका कापडात साठवले गेले होते, तिला तो डाग केवळ डाग वाटू शकला नाही. श्रमाचे दैवतीकरण जिला उंच नेते, तिलाच ते कसे चिरडू शकते, हे या हकिकतीइतके स्पष्ट क्वचितच दिसेल.

बोकुशीने नोंदवलेली दुसरी घटना अधिक कठोर आहे. एक तरुण जोडपे तान्ह्या बाळाला घेऊन सुनेच्या माहेरी निघाले. निघताना आकाश स्वच्छ होते. वाटेत हिमवादळाने गाठले, आणि दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना दोघांचे गोठलेले देह सापडले, तर आईच्या कपड्यांत गुंडाळलेले मूल मात्र जिवंत होते. लोकप्रचलित बौद्ध समजूत अशा मृत्यूचे कारण पूर्वजन्मीच्या पापात शोधते. पण कर्मसिद्धांताचा हा वापर शिनरान यांच्या वर उल्लेखलेल्या संवादाच्या उलट दिशेने जातो: तेथे पूर्वकर्माचा विचार स्वतःच्या चांगुलपणाचा गर्व उतरवण्यासाठी आला आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा न्याय करण्यासाठी नव्हे. जगलेल्या बाळाचे पूर्वपुण्य आणि मेलेल्या आईचे पूर्वपाप असा निवाडा करणारा माणूस, आईने शेवटच्या घटकेपर्यंत बाळाला जी ऊब दिली तिचाच अपमान करतो. कर्माचा सिद्धांत प्रथमपुरुषी वापरला तर नम्रता देतो, तृतीयपुरुषी वापरला तर क्रौर्य देतो. हा भेद बौद्ध तत्त्वचर्चेत जितक्या आग्रहाने मांडला जायला हवा तितका मांडला गेलेला नाही.

टंचाईच्या हिवाळ्यात घरात किती तोंडे असावीत, हा प्रश्न तर उघड धर्मसंकटाचा होता. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून १८६८ पर्यंत, जपानच्या अनेक भागांत, विशेषतः पूर्वेकडे, नवजात अर्भकाला मारण्याची ‘माबिकी’ नावाची चाल होती. शिन पंथाचा पगडा असलेल्या प्रदेशांत तिला पाप मानले जाई आणि तेथे ती कमी होती असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. तेथील लोकसंख्या वाढत राहिली आणि एकोणिसाव्या शतकात एच्चू व आसपासच्या प्रांतांतील शिन शेतकरी कुटुंबे, १७८० च्या दशकातील तेन्मेई दुष्काळानंतर ओस पडलेल्या सोमा संस्थानासारख्या पूर्वेकडील प्रदेशांत जाऊन वसली, हे मात्र निश्चित आहे. म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडून येण्याच्या ‘उबासुते’ या प्रथेची दंतकथा नागानोच्या डोंगरांशी जोडली जाते, आणि फुकाझावा शिचिरो यांच्या १९५६ सालच्या ‘नारायामा बुशिको’ या कथेने ती जगभर पोहोचवली. ती सर्रास पाळली जाणारी रूढी होती याला ऐतिहासिक आधार नाही. पण जी गोष्ट घडली नाही तीही एका समाजाला शतकानुशतके सांगावीशी का वाटली, याचे उत्तर भरलेल्या घरातील रिकाम्या होत जाणाऱ्या धान्याच्या कोठीतच शोधावे लागते.

आणि घर म्हणजे केवळ आधार नव्हे. शिराकावाच्या नाकागिरी भागात एकेका छपराखाली तीस-चाळीस माणसे राहत. जमीन वाटली जाऊ नये आणि रेशीमकिड्यांसाठी हात कमी पडू नयेत म्हणून वारस पुत्रालाच विधिवत लग्न करून बायको घरी आणता येई, बाकीचे भाऊ रात्री दुसऱ्या घरी आपल्या सखीकडे जात, आणि त्यांची मुले आईच्या घरात वाढत, तेथेच राबत. हे सारे शोशिन्गे म्हणणाऱ्या घरांत घडे. त्याच घरांच्या जमिनीखाली माती, रेशीमकिड्यांची विष्ठा, गवत आणि मूत्र मिसळून काही वर्षे कुजवत ठेवून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा केला जाई, जो गोकायामाहून कागा संस्थानाला पुरवला जात असे. रेन्न्यो यांनी आपल्या पत्रांत स्त्रियांच्या मुक्तीची ग्वाही दिली, परंतु त्याच पत्रांत स्त्री ही जन्मतःच अधिक पापभारित असल्याचा जुना समजही त्यांनी जसाच्या तसा ठेवला. घरातला परमार्थ हा घरातल्या सत्तेपासून सुटत नाही, आणि ‘सारे काही ऋण आहे’ हा विचार धाकट्या भावाला किंवा सुनेला गप्प बसवण्यासाठी वापरला जाऊ शकतो, हे मान्य केल्याशिवाय या परंपरेचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल.

वात्सुजी तेत्सुरो (१८८९–१९६०) या तत्त्वज्ञाने १९३५ सालच्या ‘फूदो’ या ग्रंथात हवामान आणि मानवी अस्तित्व यांचा संबंध तपासताना थंडीचेच उदाहरण घेतले आहे. त्याच्या मते थंडी ही बाहेरची वस्तू आणि आपण तिचे निरीक्षक असे नसते. माणूस स्वतःला आधीच थंडीत, आणि तेही इतरांसह, सापडतो, आणि चूल, कपडे, घर ही त्या एकत्र सापडण्याची समज असते. हिमप्रदेशातील कुटुंबाविषयी यापेक्षा नेमके काही म्हणणे कठीण आहे. पण पुढे वात्सुजी हवामानावरून संपूर्ण राष्ट्रांचे स्वभाव ठरवू लागतो, आणि तेथे त्याची साथ सोडली पाहिजे, कारण एकाच बर्फाने दोगेन आणि शिनरान, मठ आणि संसार, मागाचे पावित्र्य आणि मागाचा उन्माद हे सारे दिले आहे. बर्फ प्रश्न देतो. उत्तर तो देत नाही.

मठ आणि संसार या दोन उत्तरांमधील भिंतसुद्धा प्रत्यक्षात पातळ होती. दोगेन यांच्या परंपरेतील कवी-भिक्षू र्योकान (१७५८–१८३१) याने एचिगोतील कुगामी डोंगरावरच्या एका झोपडीत अनेक हिवाळे एकट्याने काढले. वय झाल्यावर मात्र १८२६ साली तो शिमाझाकी गावातील किमुरा कुटुंबाच्या आवारात राहायला आला, तेथेच त्याचा अंत झाला, आणि त्याची समाधी त्या कुटुंबाच्या शिन पंथीय मठाच्या दफनभूमीत आहे. गृहत्यागाला शेवटी कोणाच्या तरी घराची ऊब लागली, यात र्योकानच्या साधनेचा पराभव शोधणे चुकीचे होईल. त्याला स्वतःला त्यात तसे काही दिसल्याचे जाणवत नाही.

विसाव्या शतकात या घराची रचना उसवली. नाकागिरीतील काही वस्त्या १९६१ साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या पाण्याखाली गेल्या, पुरुष हिवाळ्यात कामासाठी तोक्योकडे जाऊ लागले आणि पुढे मुले शहरातच राहिली. २००५-०६ च्या हिवाळ्यात बर्फामुळे १५२ माणसे दगावली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक वृद्ध होते, ज्यांपैकी अनेक जण छपरावरचा किंवा दारातला बर्फ काढताना मेले. जे काम कुटुंबाचे होते ते एकट्या माणसावर आले, आणि आता ते नगरपालिकेची यंत्रे, रस्त्यावर भूजल शिंपडणारे नळ आणि शहरातून फावडी घेऊन येणारे स्वयंसेवक वाटून घेतात. यामुळे होओन्कोच्या पंगतीत मान्य केले जाणारे ऋण आता कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि शिनरान यांच्या परंपरेकडे त्याचे एक जुने, काहीसे अस्वस्थ करणारे उत्तर आहे. तान्निशोच्या पाचव्या प्रकरणात ते सांगतात की आपण आईवडिलांच्या पारलौकिक कल्याणासाठी म्हणून एकदाही नामोच्चार केलेला नाही, कारण सारे जीव कोणत्या ना कोणत्या जन्मी एकमेकांचे आईबाप आणि भावंडे झालेले आहेत. पूर्वजांच्या वेदीभोवती घर बांधणाऱ्या कुटुंबांना हे विधान कधीच सहज पचले नाही, आणि पंथानेही शतकानुशतके ते पितृपूजेच्या आड ठेवले. आज छपरावर चढणारा हात रक्ताच्या नात्याचा नसताना त्या पाचव्या प्रकरणाचा अर्थ नव्याने लावण्याचे काम डोंगरातल्या मठांपुढे आहे, आणि त्यांपैकी कित्येक मठांत ते करायला पुढचा पुरोहितच उरलेला नाही.